फारकत, पोटगी, दत्तक : बाबासाहेबांच्या अपुऱ्या राहिलेल्या विधेयकाची कहाणी

दरवर्षी जून महिन्यात आमच्या वसतिगृहाच्या कार्यालयाबाहेर पालकांची रांग लागते. प्रवेश-अर्ज तपासून घेण्याचे काम गेली अनेक वर्षे आमच्याकडे आहे. अर्जात वडिलांचे नाव व सही यांसाठी एक रकाना असतो, आणि त्या रकान्यापाशी काही मातांची लेखणी थांबते. नवरा हयात आहे, पण त्याने दुसरे घर केले आहे. फारकत झाली म्हणावे तर न्यायालयाचा कागद नाही. संसार चालू आहे म्हणावे तर आठ वर्षांत मुलाच्या वहीलाही पैसा आलेला नाही. जातीच्या दाखल्यासाठी वडिलांकडील कागद हवेत, आणि ते मागायला गेले की दारातूनच परत फिरावे लागते. रांगेत कधी एखादी आत्या किंवा मावशी असते. पोरक्या भाच्याला तिने तान्हेपणापासून वाढवलेले असते. परंतु कायद्याच्या दृष्टीने ती त्याची कोण, हे तिला ठाऊक नसते.

या मायबहिणींच्या घरात बाबासाहेबांची तसबीर असते. चौदा एप्रिलला त्या निळी साडी नेसून मिरवणुकीत चालतात. आपल्या नेमक्या याच दुःखावर त्या तसबिरीतल्या पुरुषाने आपल्या आयुष्याची चार वर्षे आणि उरलेसुरले आरोग्य खर्ची घातले, एवढे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते. महाडचे तळे, काळाराम मंदिर, पुणे करार, राज्यघटना आणि नागपूरची दीक्षाभूमी या टप्प्यांनी बाबासाहेबांचे चरित्र आपल्या सर्वांना पाठ आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्या चरित्रातील एकच धागा हाती घेत आहोत : घटस्फोट, पोटगी आणि दत्तक यांच्या कायद्याचा.

आईविना वाढलेला मुलगा

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. ते अवघे पाच-सहा वर्षांचे असताना माता भीमाबाई निवर्तल्या आणि आत्या मीराबाईंनी या मुलांना सांभाळले. आईच्या पश्चात कुटुंबातील एखादी स्त्री पदर पसरते म्हणून पोर जगते, हे त्यांनी प्रथम स्वतःच्या घरात अनुभवले. पुढे त्यांचा विवाह रमाबाईंशी झाला, तोही त्या काळच्या रीतीप्रमाणे दोघे लहान वयाचे असतानाच. या दांपत्याच्या पाच अपत्यांपैकी चार दगावली. रमाईंनी काढलेल्या हालअपेष्टांची जाणीव बाबासाहेबांना अखेरपर्यंत होती.

१९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. ज्या सयाजीराव महाराजांनी त्यांना विदेशी पाठविले, त्यांच्याच राज्यात १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. आणि सयाजीराव स्वतः दत्तकविधानाने गादीवर आलेले होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या एका मुलाचे सारे भवितव्य दत्तकाच्या एका कायदेशीर कृतीने पालटले, आणि त्या मुलाच्या हातून पुढे भीमरावांचे भवितव्य पालटले.

मे १९१६ मध्ये कोलंबियातील एका चर्चासत्रात भीमरावांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. वय पंचवीस वर्षांचे. जात टिकते ती जातीतल्या जातीत विवाह करण्याच्या सक्तीमुळे, आणि ती सक्ती राखण्यासाठीच सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चाली निर्माण झाल्या, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. जातीचा जुलूम आणि स्त्रीवरचा जुलूम यांचे मूळ एकच आहे, ही गोष्ट एवढ्या लवकर आणि एवढ्या स्पष्टपणे ओळखणारे त्या काळी फार थोडे होते. पुढे पस्तीस वर्षांनी त्यांनी हिंदू कोड बिलासाठी जे केले, त्याचे बीज या निबंधात आहे.

वकिलीची वर्षे

ग्रेज इनमधून १९२२ साली बॅरिस्टर होऊन १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. अस्पृश्य वकिलाकडे मोठी कामे येत नसत. म्हणून १९२५ पासून तीन वर्षे त्यांनी बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला आणि त्या मिळकतीचा संसाराला आधार झाला. परळच्या कचेरीत येणारे पक्षकार बहुतेक गोरगरीब असत. त्यांच्यासाठी न्यायालय ही केवढी परकी आणि भीतिदायक जागा असते, हे बाबासाहेबांनी रोजच्या कामात पाहिले. १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्याच वर्षी २७ मे रोजी रमाईंचे निधन झाले.

या काळात स्त्रियांचा प्रश्न त्यांच्या कामातून कधी सुटला नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. नवऱ्याने विकले किंवा टाकले तरी स्त्री त्याच्यापासून मुक्त होत नाही, असे सांगणारा तो ग्रंथ होता. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिविषयक सवलतीच्या विधेयकाला पाठिंबा दिला. १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्यावर समाजस्वास्थ्य मासिकातील मजकुरावरून खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले.

जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो कष्टकरी स्त्रियांच्या त्या परिषदेत पत्नीला घटस्फोटाचा हक्क मिळावा आणि पुरुषाच्या बहुपत्नीकत्वाला बंदी व्हावी, असे ठराव झाले. इतिहासाचे विद्यार्थी या नात्याने आम्हांला या ठरावांचे मोल फार वाटते. हिंदू कोड बिल ही दिल्लीतल्या विद्वानांनी वरून उतरवलेली वस्तू होती, असा समज अनेकांचा आहे. त्याच मागण्या आपल्या आज्या-पणज्यांनी त्या परिषदेत पाच वर्षे आधी केल्या होत्या.

बिल काय होते

त्या काळचा हिंदू कायदा आज नवख्या वाचकाला खरा वाटणार नाही. पुरुषाला एकाहून अधिक बायका करण्याची मोकळीक होती. विवाह हा संस्कार मानला जाई, त्यामुळे तो मोडण्याची वाट शास्त्री कायद्यात स्त्रीला नव्हती. ज्या जातींत काडीमोडीची रूढी होती, त्यांतल्या स्त्रियांना तेवढी सुटका मिळे. दत्तक घेण्याचा अधिकार मुळात पुरुषाचा. पत्नीची संमती त्यासाठी आवश्यक नसे. विधवेने नवऱ्याच्या नावे दत्तक घेतला तर तो मुलगा मृत पित्याच्या काळापासूनच वारस ठरे आणि विधवेच्या हाती आलेली मिळकत निसटून जाई. काही तुकड्यातुकड्यांनी झालेले कायदे होते. विवाहितेला स्वतंत्र राहून पोटगी मागता यावी असा केंद्राचा कायदा १९४६ मध्ये झाला. मुंबई प्रांताने त्याच वर्षी द्विभार्या विवाहाला बंदी घातली आणि १९४७ मध्ये घटस्फोटाचा कायदा केला. परंतु संपूर्ण देशाला एक न्याय नव्हता.

सर बेनेगल नरसिंह राव यांच्या समितीने तयार केलेले विधेयक एप्रिल १९४७ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मांडले गेले. स्वातंत्र्यानंतर बाबासाहेब पहिले कायदेमंत्री झाले आणि ते विधेयक त्यांच्या हाती आले. घटनेच्या मसुद्याचा प्रचंड भार डोक्यावर असतानाच त्यांनी तेही काम उचलले. ९ एप्रिल १९४८ रोजी विधेयक प्रवर समितीकडे गेले. त्यानंतर सहाच दिवसांनी, १५ एप्रिलला, त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी दिल्लीत नोंदणी पद्धतीने विवाह केला. जाती ओलांडून आणि कायद्याच्या साक्षीने केलेला विवाह कसा असतो, हे कायदेमंत्र्यांनी स्वतःच्या कृतीने दाखवले.

विधेयकात एकपत्नीत्वाचा नियम होता. घटस्फोटासाठी सात कारणे होती : परित्याग, धर्मांतर, रखेली ठेवणे किंवा रखेली होणे, असाध्य वेड, असाध्य महारोग, संसर्गजन्य गुप्तरोग आणि क्रूरता. घटस्फोट न घेताही पत्नीला वेगळे राहून पोटगी मागता येईल, अशी कारणे स्वतंत्रपणे दिली होती. नवऱ्याने दोन वर्षे टाकून देणे हे त्यांतले एक. दत्तकासाठी पत्नीची संमती आवश्यक ठरवली होती आणि विधवेची सारी मिळकत दत्तकाने हिरावून घेऊ नये अशी तजवीज होती. मुलीला वारसा आणि स्त्रीला आपल्या मिळकतीवर पूर्ण स्वामित्व, ही तर विरोधकांना सर्वांत झोंबणारी कलमे होती.

विरोध किती झाला, हे आज कोणी सहसा सांगत नाही. धर्म बुडाला अशी हाकाटी झाली. दिल्लीत सभा आणि मोर्चे निघाले. राजेंद्रप्रसादांसारख्या वजनदार नेत्याचा विरोध होता. स्वतःच्या पक्षातील सभासद सभागृहात वेळकाढूपणा करीत. रेणुका राय, हंसा मेहता यांच्यासारख्या स्त्री-सभासदांनी मात्र विधेयकाची बाजू नेटाने मांडली. बाबासाहेब विरोधकांना त्यांच्याच शास्त्रांतून उत्तर देत. कौटिल्य आणि पराशर यांनी घटस्फोट मान्य केला होता, हे त्यांनी दाखवले. ज्यांना शूद्र म्हणून हिणवले जाते त्या बहुसंख्य समाजात घटस्फोटाची रूढी पूर्वापार आहे; मूठभर वरच्या वर्गाचा नियम साऱ्या देशाचा कायदा का ठरावा, असा त्यांचा बिनतोड सवाल होता.

विधेयक बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू होणार होते, यावरही आक्षेप आले. भगवान बुद्धांनी, महावीरांनी आणि शीख गुरूंनी वैदिक धर्माहून वेगळा धर्म दिला, पण व्यवहाराचा वेगळा कायदा निर्माण केला नाही, असे ऐतिहासिक उत्तर त्यांनी दिले. आपण बौद्ध असताना हिंदू विवाह कायद्याखाली कसे, हा प्रश्न आमचे विद्यार्थी आजही विचारतात. बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायद्याची मागणीही आपल्यात होते. त्या चर्चेत उतरणाऱ्याने बाबासाहेबांचे हे उत्तर आधी समजून घ्यावे, एवढेच आम्ही सुचवतो. कायद्याचे नाव हिंदू असले तरी त्यातून मिळणारी पोटगी बौद्ध स्त्रीचीही आहे.

राजीनामा

१९५१ साल उजाडले तेव्हा प्रकृती ढासळली होती. उपचारासाठी डॉक्टरांना वेळ द्यायचा आहे, त्यापूर्वी विधेयक चर्चेला घ्यावे, असे पत्र त्यांनी ऑगस्टमध्ये पंतप्रधान नेहरूंना लिहिले. सप्टेंबरमध्ये चर्चा सुरू झाली. निदान विवाह आणि घटस्फोटाचा भाग तरी संमत व्हावा म्हणून तो वेगळा काढण्यात आला. चार कलमे संमत झाली आणि विधेयक तेथेच सोडून देण्यात आले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

इतिहासाशी प्रामाणिक राहून सांगायचे तर राजीनाम्याचे कारण एकच नव्हते. अनुसूचित जातींची उपेक्षा, परराष्ट्र धोरण, मंत्रिमंडळाच्या समित्यांतून डावलले जाणे अशी आणखी कारणे त्यांनी निवेदनात दिली आहेत. पण सहनशक्तीचा अंत झाला तो हिंदू कोड बिलापाशी. सत्तेची खुर्ची सोडण्यास स्त्रियांचा कायदा हे कारण झाले, असे उदाहरण आपल्या राजकीय इतिहासात आम्हांला दुसरे आढळत नाही. त्यातही हे ध्यानात घ्यावे, की त्या विधेयकाचा लाभ ज्यांना व्हायचा होता, त्यांत त्यांना आयुष्यभर अस्पृश्य मानणाऱ्या घरांतील लेकीसुनाही होत्या.

त्याच वर्षी महाबोधी या नियतकालिकात त्यांचा हिंदू स्त्रीच्या उन्नती आणि अवनतीवरील लेख आला. बुद्धांमुळे स्त्रीचा अधःपात झाला या आरोपाचे त्यांनी त्यात खंडन केले आणि त्या अवनतीची जबाबदारी मनूवर ठेवली. कायदेमंत्री आणि धम्माचा अभ्यासक हे दोन वेगळे पुरुष नव्हते, याची ही साक्ष होय.

१९५२ च्या निवडणुकीत मुंबईत त्यांचा पराभव झाला. पुढे ते राज्यसभेत गेले. ज्या विधेयकासाठी त्यांनी रक्त आटवले, त्याचे तुकडे करून दुसऱ्यांच्या हातांनी ते संमत होताना त्यांना पाहावे लागले. विवाह आणि घटस्फोटाचा कायदा १८ मे १९५५ रोजी झाला. १९५६ मध्ये वारसा आणि पालकत्वाचे कायदे झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण. दत्तक आणि निर्वाह यांचा कायदा २१ डिसेंबर १९५६ रोजी अस्तित्वात आला. पंधरा दिवसांचे अंतर. स्त्रीला दत्तक घेण्याचा आणि मुलीलाही दत्तक जाण्याचा मार्ग ज्या कायद्याने खुला केला, तो पाहायला बाबासाहेब नव्हते.

आपल्या दारातले अंतर

आता पुन्हा त्या जून महिन्यातल्या रांगेकडे वळू. कायदा होऊन इतकी वर्षे लोटली आणि तरी ती माता तेथे उभी आहे, यात दोष कुणाचा? काही दोष व्यवस्थेचा आहे. काही आपलाही आहे, हे कबूल करण्याचे धैर्य असावे. आपल्या वस्त्यांत अजून पंच बसतात आणि शंभर रुपयांच्या मुद्रांकावर फारकत लिहून देतात. त्या कागदावर स्त्रीचा अंगठा असतो आणि पोटगी सोडल्याची ओळही असते. जुन्या रूढीने झालेला काडीमोड कायद्याने अजिबात बाद केलेला नाही. परंतु अशी रूढी आपल्यात चालत आली आहे, हे न्यायालयात सिद्ध करावे लागते. ते न झाल्यास त्या कागदाने विवाह मोडत नाही. पंचांत बसणारे आपलेच लोक असतात, आणि सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणारेही तेच असतात.

म्हणून माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यासाठी चार गोष्टी येथे नोंदवतो. पहिली : स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ अन्वये मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती आणि जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचे कार्यालय असते. साध्या कागदावर अर्ज दिला तरी चालतो. १५१०० हा दूरध्वनी क्रमांकही याच कामासाठी आहे. दुसरी : पोटगीसाठी आधी घटस्फोट घ्यावा लागतो, हा समज चुकीचा आहे. पूर्वीच्या फौजदारी संहितेचे कलम १२५, जे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे, त्याखाली पत्नी, मुले आणि वृद्ध आईबाप यांना अर्ज करता येतो. पुनर्विवाह न केलेल्या घटस्फोटितेलाही तो हक्क आहे, आणि निकाल लागेपर्यंत अंतरिम पोटगी मागता येते.

तिसरी : मांडीवर घेतले म्हणजे मूल दत्तक झाले, असे होत नाही. १९५६ च्या कायद्याप्रमाणे देणारा आणि घेणारा दोघेही पात्र असावे लागतात, जोडीदाराची संमती लागते, आणि मूल सर्वसाधारणपणे पंधरा वर्षांच्या आतील व अविवाहित असावे लागते. प्रत्यक्ष देणे-घेणे झाले पाहिजे. होम आवश्यक नाही. दत्तकपत्राची नोंदणी करून ठेवली तर पुढे मुलाच्या हक्काला बळकटी येते. अनाथ किंवा सोडून दिलेल्या मुलांसाठी बाल न्याय कायद्याची वेगळी वाट आहे आणि तीत जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. चौथी : विवाहाची नोंदणी करा. बुद्धवंदना झाली, त्रिसरण-पंचशील झाले, वऱ्हाड जेवले, म्हणजे काम संपले असे नाही. पुढे वाद उभा राहिला तर विवाह झाला होता, एवढे सिद्ध करण्यातच कित्येक भगिनींची वर्षे जातात.

आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्यांत आज वकील आहेत, शिक्षक आहेत, ग्रामपंचायतीत निवडून आलेले आहेत. त्यांच्याकडे आमचे मागणे फार नाही. वर्षातून एखाद्या रविवारी आपल्या गावच्या विहारात बसा आणि अशा एका मातेचा एक अर्ज लिहून द्या. परळच्या कचेरीत बाबासाहेब गोरगरिबांसाठी बसत असत. त्या कचेरीची एक लहानशी शाखा आपल्याला प्रत्येक विहारात उघडता येईल.

गेल्या वर्षी रांगेतल्या एका मातेला आम्ही तालुक्याच्या विधी सेवा समितीच्या दारापर्यंत घेऊन गेलो होतो. तिची अंतरिम पोटगी मंजूर झाली आहे. रक्कम मोठी नाही आणि दर महिन्याला वेळेवर येतेच असेही नाही. या जूनमध्ये ती पुन्हा आली, धाकट्या मुलीच्या प्रवेशासाठी. अर्जातला तो रकाना तिने न थांबता भरला, आणि पालकाच्या सहीच्या जागी स्वतःची सही केली.

जय भीम.